सोबतीचें शिक्षण
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं मागें वळून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. ज्यांनीं या ख्रिस्तमंदिराच्या भिंती उभ्या केल्या, त्यांचें स्मरण आपण आज सकाळच्या मिस्सेंत केलें. आतां या सायंकाळीं आम्ही आपलें लक्ष पुढें वळवूं इच्छितों. बारावी उत्तीर्ण होऊन मोठ्या आशेनें महाविद्यालयांत गेलेलीं आपलीं मुलें-मुली पहिल्याच वर्षीं शिक्षण कां सोडतात, आणि तीं टिकावींत म्हणून आपण काय करूं शकतों, एवढाच आमचा विषय आहे.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. २०१८ सालीं केंद्र सरकारनें देशांतील मागासलेले जिल्हे निवडून त्यांस ‘आकांक्षित जिल्हे’ असें नांव दिलें. महाराष्ट्रांतील जे चार जिल्हे त्या यादींत आले त्यांत आपला एक होता. तरी पदवीचें शिक्षण आज आपल्याला दुर्लभ राहिलेलें नाहीं. अमरावतीचें विद्यापीठ १९८३ सालीं स्थापन झालें आणि त्याच्याशीं संलग्न महाविद्यालयें आपल्या जिल्ह्यांतहि आहेत. दार उघडें आहे. पण आंत गेलेला विद्यार्थी टिकत नाहीं.

कां टिकत नाहीं? खेड्यांतून एस. टी. नें येणारा मुलगा पाहा. इंग्रजीच्या तासाला एक घोळका, हिशेबाच्या तासाला दुसरा. कोणी कोणाला नांवानें ओळखत नाहीं. सोयाबीन काढणीला आलें म्हणजे तो आठ दिवस शेतांत राहतो. परत येतो तों धडा पुढें गेलेला असतो. विचारावें कोणाला? घरीं आईवडिलांनीं महाविद्यालय पाहिलेलें नाहीं, आणि प्राध्यापकांस विचारण्याचा धीर होत नाहीं. पुढें एके दिवशीं तो येईनासा होतो, आणि तो आला नाहीं हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. त्याला आळशी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण बंधुभगिनींनो, त्याला बुद्धि कमी नव्हती. त्याला सोबत नव्हती.

या दुखण्यावर एक औषध आहे, आणि तें अन्यत्र करून पाहिलेलें आहे. त्यास आम्ही ‘जोडवर्ग’ म्हणूं. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचा एक गट करावयाचा; त्या गटानें दोन-तीन विषय एकत्रच शिकावयाचे; आणि त्या विषयांच्या शिक्षकांनीं आपसांत विचारविनिमय करून धडे एकमेकांत गुंफावयाचे. इंग्रजीचा शिक्षक जो उतारा वाचून घेईल तो दुसऱ्या विषयाच्या उपयोगीं पडावा, आणि एका तासाला जो कच्चा दिसला त्याची खबर दुसऱ्या शिक्षकास त्याच आठवड्यांत मिळावी, इतकी ही साधी गोष्ट आहे.

अमेरिकेंत अलेक्झांडर मायकलजॉन या शिक्षणवेत्त्यानें विस्कॉन्सिन विद्यापीठांत १९२७ ते १९३२ पर्यंत असा एक प्रयोग चालविला. सर्व विद्यार्थी एकत्र राहात, पहिल्या वर्षीं प्राचीन अथेन्सचा आणि दुसऱ्या वर्षीं आपल्याच देशाचा सर्वांगीण अभ्यास करीत. पुढें तिकडे ‘कम्युनिटी कॉलेजें’ निघालीं. तीं घराजवळचीं, दोन वर्षांचीं, नोकरी करून शिकणाऱ्यांना परवडणारीं महाविद्यालयें. त्यांतहि ही पद्धति शिरली. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया महाविद्यालयानें ती १९७० नंतरच्या दशकांत अंगीकारली. त्याच शहरांतील किंग्जबरो महाविद्यालयांत २००३ ते २००५ या काळांत सुमारें १,५०० नव्या विद्यार्थ्यांची सोडत काढून दोन भाग केले. एका भागाला नेहमींप्रमाणें शिकविलें. दुसऱ्याला सुमारें पंचवीस-पंचवीसांचे गट करून इंग्रजी, दुसरा एक विषय, आणि अभ्यास कसा करावा हें शिकविणारा एक तास, असे तीन वर्ग जोडून दिले. पुस्तकांस मदत दिली, जादा शिकवणी दिली. या दुसऱ्या भागांतील विद्यार्थी पहिल्या सत्रांत अधिक विषयांत उत्तीर्ण झाले, आणि सहा वर्षांनंतर पदवी मिळविणारेहि त्यांच्यांत कांहींसे अधिक निघाले.

‘कांहींसे’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजिला आहे. इतर महाविद्यालयांत जेथें एका सत्रापुरताच हा प्रयोग झाला तेथें फळ अल्पच आलें. जोडवर्गानें फी भरली जात नाहीं, एस. टी. वेळेवर येत नाहीं. आणि जेथें वेळापत्रक जोडलें पण शिक्षक एकमेकांशीं बोलत नाहींत, तेथें नुसतें नांवच उरणार. हें आरंभींच सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

ही कल्पना परदेशी आहे असा कोणी आक्षेप घेईल. त्यांस आम्ही वर्ध्याकडे पाहावयास सांगूं. १९३७ च्या ऑक्टोबरांत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि त्यांतून ‘नयी तालीम’ निघाली. तिचा प्राण ‘समवाय’ या एका शब्दांत आहे. एका उद्योगाभोंवतीं सर्व विषय गुंफणें म्हणजे समवाय. टकळीवर सूत काततांना तारांचें गणित, कापूस कोठें पिकतो याचा भूगोल, कापडाच्या व्यापाराचा इतिहास, हें सर्व ओघानेंच येई. वऱ्हाडच्या कापसाच्या मातींत वाढलेल्या आपणांस ही पद्धति परकी कशी वाटावी? सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्यानें आपलें आयुष्य त्या कार्याला वाहिलें.

आपल्या ख्रिस्तसभेलाहि हें नवीन नाहीं. येशूसंघीयांनीं १५९९ सालीं आपल्या शाळांसाठीं जी शिक्षणसंहिता प्रसिद्ध केली, तिच्या शाळांत वर्गाचे दहा-दहा विद्यार्थ्यांचे गट पाडीत आणि प्रत्येक गटावर त्यांच्यांतीलच एकजण नेमीत. तो सोबत्यांचा पाठ ऐकून घेई. सेमिनरींत वाढलेल्या आम्हां धर्मगुरूंना तर एकाच टोळीनें सर्व विषय शिकणें अंगवळणींच पडलेलें असतें. एकजण मागें पडला तर तें इतरांस जेवणाच्या टेबलावरच कळतें. आणि १९९६ सालीं मद्रास-मैलापूरच्या महाधर्मप्रांतानें मद्रास कम्युनिटी कॉलेज सुरू केलें, तेव्हां येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनीं गरीब आणि शाळा सुटलेल्या तरुणांना उपजीविकेचें कौशल्य व जगण्याचें शिक्षण एकत्र देण्याचाच मार्ग धरिला.

मग आपण काय करावें? महाविद्यालय काढण्याचें आपलें सामर्थ्य नाहीं, आणि त्याची गरजहि नाहीं. आपलें सभागृह आठवड्यांतून सहा दिवस बंद असतें. तेथें पहिल्या वर्षाच्या वीस मुलामुलींचा एक जोडवर्ग भरवावा. तो दुपारीं, महाविद्यालयाचे तास सुटल्यावर भरावा, म्हणजे गांवोगांवच्या मुलींना दिवस मावळण्यापूर्वीं घर गांठतां येईल. विषय तीन: इंग्रजी, हिशेब आणि संगणक. शिक्षक तीन; या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत, आणि त्यांचे डोळे आतां आमच्याकडे लागलेले आम्हांस दिसत आहेत. त्यांनीं शनिवारीं अर्धा तास एकत्र बसून पुढील आठवडा ठरवावा. एक उदाहरण देतों. बाजार समितींतून मिळालेली सोयाबीनची हिशेबपट्टी वर्गांत आणावी. हिशेबाच्या तासाला वजन, ओलाव्याची कपात, हमाली आणि तोलाई मांडून पाहावी. संगणकाच्या तासाला तेंच कोष्टकांत भरावें. इंग्रजीच्या तासाला त्याच आंकड्यांच्या आधारें बँकेस पीककर्जाचा अर्ज लिहावा. असें केल्यानें एका पट्टींतून तीन विषय होतात, आणि घरचा व्यवहारहि मुलांना कळतो. हजेरीचें पुस्तक एकच असावें. जो सलग दोन दिवस आला नाहीं त्याच्या घरीं सोबत्यांपैकीं एकानें त्याच सायंकाळीं फोन करावा. काढणीच्या दिवसांत वर्ग आधींच थोडा मंद ठेवावा, आणि मागें राहिलेल्यांना सोबत्यांनींच ओढून घ्यावें. वर्ग सर्वांसाठीं असावा. दारांत कोणास धर्म वा जात विचारूं नये.

आतां खर्चाचा प्रश्न. महोत्सवनिधींतून जें शिल्लक राहील त्यांतून प्रवेशद्वारावर संगमरवरी कमान उभारावी अशी सूचना पुढें आलेली आहे. सूचना करणाऱ्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. तथापि आमचें मत आम्ही झांकून ठेवीत नाहीं. कमान दहा वर्षांनींहि उभारतां येईल. परंतु यंदा ज्यांनीं महाविद्यालयांत नांव घातलें आहे त्यांचें पहिलें वर्ष पुन्हां येणार नाहीं. बांकें, दिवे, चार जुने संगणक आणि ज्यांना एस. टी. चा पास परवडत नाहीं त्यांच्या पासाची रक्कम, एवढ्यानें आरंभ होऊं शकतो. निर्णय सर्वांनीं मिळून घ्यावयाचा आहे, आणि तो जो होईल तो आम्ही शिरसावंद्य मानूं.

एकच विनंति. पॅरिश कौन्सिलची बैठक होण्यापूर्वीं आपापल्या आळींतील, आपापल्या नात्यांतील अशा एका तरी मुलाचें वा मुलीचें नांव आठवावें, कीं जिनें वा ज्यानें महाविद्यालय अर्ध्यावर सोडलें. त्या घरीं जावें आणि ‘कां सोडलें?’ असें मायेनें विचारावें. जें उत्तर मिळेल तें घेऊन बैठकीस यावें. त्या उत्तरांवरून निधि कोठें लावावा हें आपणांस आमच्या व्याख्यानापेक्षां अधिक स्पष्ट कळेल असा आमचा विश्वास आहे.

प्रभु आपल्या घरांना आणि आपल्या लेकरांच्या अभ्यासाला आशीर्वाद देवो.