लेकीच्या एम.टेक.चे कागद आणि आपली गटाची वही

 हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत शिक्षणाबद्दल, पण दहावी-बारावीच्या नाही. मुलगी इंजिनिअर झाली, आता पुढं एम.टेक. करायचं म्हणते, तेव्हा तिची, कॉलेजची आणि आपली जबाबदारी काय, हा आजचा विषय. आमच्या गटाला हे सगळं ठेच लागल्यावर कळलं. तुम्हाला ठेच लागायच्या आधी कळावं, म्हणून सांगतोय.

आमचा गट बारा जणींचा. महिन्याची बचत, शेकडा दोननं अंतर्गत कर्ज, आणि वही एकीच्या ट्रंकेत. गटातल्या एका ताईंची लेक स्थापत्य, म्हणजे सिव्हिल, इंजिनिअर झाली. गावातली पहिलीच. मग तिनं गेटची परीक्षा दिली. ही परीक्षा देशभर एकाच पद्धतीनं होते, तीन तासांची, शंभर गुणांची. तिचा निकाल तीन वर्षं चालतो. म्हणजे एखाद्या वर्षी घरची अडचण असली, तर लगेच पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. लेक पास झाली, शहरातल्या एका कॉलेजात एम.टेक.ला नंबर लागला. दोन वर्षांचं शिक्षण.

ताई बैठकीत म्हणाल्या, "वीस हजार पाहिजेत. हॉस्टेल आणि खानावळीचे. पोरीला महिन्याला स्टायपेंड मिळणार आहे, त्यातनं फेडते."

ते खरंच होतं. एआयसीटीई म्हणून दिल्लीतली जी परिषद आहे, ती तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांना मान्यता देते. मान्यता असलेल्या कॉलेजात गेट पास होऊन, पूर्ण वेळ एम.टेक.ला गेलेल्या पात्र विद्यार्थ्यांना ती महिन्याला 12,400 रुपये देते, जास्तीत जास्त 24 महिने. आम्ही ठराव केला, सह्या-अंगठे झाले, वीस हजार दिले.

सप्टेंबरात कॉलेज सुरू झालं. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, डिसेंबर संपत आला. एक रुपया जमा नाही. इकडे महिन्याला चारशे रुपये व्याज चालू. घरात पोरीचे चुलते म्हणायला लागले, "दोन वर्षं कोण पोसणार? संक्रांतीनंतर पाहुणे बघायला येतायत, बोलावून घ्या तिला." आणि पोरगीही फोनवर रडून म्हणाली, "आई, मी येते परत."

ताईंनी हे बैठकीत सांितलं तेव्हा आम्ही सगळ्या गप्प. मग आमच्यातली एक म्हातारी बोलली, "पैसे आले नाहीत ते का नाहीत, हे कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मग आमच्यातल्या दोघी आणि ताई, अशा तिघी एस.टी.नं शहरात गेल्या. लेकीला बरोबर घेऊन आधी कॉलेजच्या कार्यालयात, मग बँकेत. दिवसभरात दोन गाठी सापडल्या.

पहिली गाठ आपल्या बाजूची. हे पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात. लेकीनं अर्जात नवीन बँकेचं खातं लिहिलं होतं, पण आधार जोडलेलं होतं ते शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्याला. आणि त्या खात्याची केवायसी न झाल्यानं ते थांबवलेलं. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? सरकारी योजनेचे पैसे "भलत्याच खात्यात गेले" म्हणून आपण किती जणी बँकेच्या रांगेत उभ्या राहिलोय! तीच गत इंजिनिअर पोरीची. शिकलेली असली म्हणून बँकेची गाठ आपोआप सुटत नाही.

दुसरी गाठ कॉलेजच्या बाजूची. विद्यार्थिनीची माहिती कॉलेजनं तपासून वर कळवायची असते आणि तिची हजेरीही कळवायची असते. ते झालं तरच पैसे सुटतात. त्या कार्यालयात हे काम बघणारी व्यक्ती बदलली होती आणि नव्या माणसाकडे यादीच गेली नव्हती. एकट्या पोरीनं तीनदा विचारलं, तर तिन्ही वेळा "होईल, होईल" असं उत्तर मिळालं होतं. लेखी मात्र तिनं एकदाही दिलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही अर्ज लिहून घेतला, दोन प्रती केल्या, आणि एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच उठलो. गटाच्या बँक कर्जाच्या वेळी आपण हेच करतो की नाही?

आता या अनुभवातून जे शिकलो ते एकेक करून सांगतो. घरात कुणी शिकणारं असेल तर त्याला रेडिओजवळ बसवा.

आधी लेकीच्या जबाबदाऱ्या. स्टायपेंड म्हणजे बक्षीस नाही. त्याच्या बदल्यात तिला आठवड्याला आठ ते दहा तास विभागाचं काम करावं लागतं. खालच्या वर्गांना शिकवण्यात मदत, प्रयोगशाळेत मदत. आमच्या लेकीकडे काँक्रीटची प्रयोगशाळा आहे. ती मुलांकडून पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे ओतून घेते, 28 दिवस पाण्यात ठेवते, मग यंत्रात दाबून किती भार सोसतात ते बघते. ताई ऐकून हसल्या. म्हणाल्या, "घरकुलाच्या स्लॅबवर मी पाणी मारत होते, तेच की हे!" तेच आहे. तर हे तास चुकवायचे नाहीत, आणि त्याची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवायची. स्टायपेंड चालू असताना दुसरीकडे पगाराची नोकरी किंवा दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही. "फावल्या वेळात काहीतरी कर" असं आपण घरून सांगू नये. त्यानं तिचंच नुकसान होईल.

दुसरी गोष्ट प्रबंधाची. एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाचा बराच वेळ एका विषयावर स्वतः काम करून प्रबंध लिहिण्यात जातो. तो स्वतःच्या शब्दांत पाहिजे. दुसऱ्याचं उतरवलं की संगणक ते पकडतो. 2018 सालापासून यूजीसीचा नियम आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहा ते चाळीस टक्के निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर देता येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. दोन वर्षांची मेहनत आणि आपलं कर्ज, दोन्ही पाण्यात.

आता कॉलेजच्या जबाबदाऱ्या. मूळ प्रमाणपत्रं, म्हणजे दहावीपासूनचे अस्सल कागद, कॉलेजनं तपासून परत द्यायचे असतात, कपाटात अडकवून ठेवायचे नसतात. प्रवेश घेतला आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी रद्द केला, तर एआयसीटीईच्या नियमानं जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी फी परत मिळाली पाहिजे. "फी गेली, आता इथंच शिक" असं कुणी म्हणालं तर घाबरू नका, नियम विचारा.

रॅगिंग हा गुन्हा आहे. 2009 च्या नियमानुसार दर वर्षी विद्यार्थिनी आणि पालक अशा दोघांनी हमीपत्र भरायचं असतं. त्यावर आपलंही नाव असतं, तेव्हा वाचून घ्या. त्रास झालाच तर 1800-180-5522 हा फुकटचा फोन चोवीस तास चालतो.

प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असलीच पाहिजे, 2013 च्या कायद्यानं. तिची अध्यक्ष बाई असते आणि निम्म्या तरी सदस्य बायका असतात. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. अडचण खरी असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. एम.टेक.ची मुलगी दोन वर्षं एका मार्गदर्शकाच्या हाताखाली असते, त्याच्या सहीवाचून तिचं पान हलत नाही. बहुतेक मार्गदर्शक बापासारखे किंवा बहिणीसारखे असतात, तरी ही समिती कुठे बसते हे तिला पहिल्या आठवड्यातच माहीत असावं. आणि फोनवर "जेवलीस का" याच्या पुढं जाऊन "तिथं सगळं ठीक आहे ना" हे आपणही विचारावं.

फी, शिष्यवृत्ती, निकाल, कागद अशा बाकीच्या तक्रारींसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. 2023 च्या नियमानुसार तक्रार आल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत तिनं अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. आमच्या लेकीला हे माहीत असतं, तर ती चार महिने रडत बसली नसती.

आणि आता लग्नाचं. चुलत्यांचा मुद्दा आम्ही टाळणार नाही, कारण तो घरोघरी आहे. शिक्षण आणि संसार यातलं एकच काहीतरी, असं आता कायदाही म्हणत नाही. एम.टेक.नंतर कुणी पीएच.डी. केली, तर 2022 च्या यूजीसीच्या नियमानुसार बाईला त्या सगळ्या काळात मिळून 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची आणि मुलाच्या संगोपनाची रजा मिळू शकते. पीएच.डी. पुरी करायला बायकांना दोन वर्षं जास्तीची सवलतही देता येते. लग्नाची बोलणी करताना हे समोरच्यांना सांगा. "पोरगी शिकणार आहे आणि नियम तिच्या बाजूनं आहेत" हे बापानं सांगायला पाहिजे, आणि बाप गप्प बसला तर आईनं.

तर पुढं काय झालं? आधार नवीन खात्याला जोडला. कॉलेजनं थकलेली हजेरी एकदम कळवली. फेब्रुवारीत चार महिन्यांचे 49,600 रुपये एकत्र जमा झाले. ताईंनी बैठकीत वीस हजार आणि व्याज मोजून ठेवलं. पाहुणे आले होते, चहा पिऊन गेले. लेक म्हणाली, "प्रबंध झाल्यावर या." चुलते अजून थोडे फुगलेले आहेत, पण परवा गावातल्या बंधाऱ्याला भेग गेली तेव्हा फोन त्यांनीच लावला तिला, "जरा बघून सांग गं, हे कशानं झालं."

आम्ही आमच्या वहीत एक पान वाढवलंय. शिक्षणासाठी कर्ज द्यायचं असेल तर आधी चार गोष्टी विचारायच्या. आधार कुठल्या खात्याला जोडलंय? कार्यालयात हे काम कोण बघतं, त्याचं नाव काय? मूळ कागद घरी आहेत ना? आणि प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली प्रत कुठे आहे? तुमच्या वहीतही हे पान असू द्या.

एवढं सांगून थांबतो. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. ज्यांच्या लेकी बाहेरगावी शिकतात, त्यांनी आज संध्याकाळी फोन लावा आणि जेवणाबरोबर खात्याचीही चौकशी करा. नमस्कार.