मंद आचेचे मटण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



यंदा पाककृतीवर दोन शब्द बोला, अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली. वस्तुतः पाककृती सांगण्याचा अधिकार माझ्यापेक्षा या सभागृहातल्या निम्म्या बायकांचा मोठा आहे. वाडवळांच्या घरची उकडहंडी असो, कुपारी भगिनींच्या घरचे विंदालू किंवा सोरपोतेल असो, तेथे मी ताट घेऊन बसणारी, शिकवणारी नव्हे. म्हणून पाककृतीऐवजी मी एका भांड्याविषयी बोलणार आहे. बाजारात त्याला स्लो कुकर म्हणतात. आपण मंद आचेचा कुकर म्हणू.

हे भांडे विकत घ्याच, असे सांगायला मी उभी नाही. पण सकाळी मटण लावून विरार लोकल धरायची आणि संध्याकाळी घरी यावे तो ते तयार, हे खरे का, असे तीन-चारजणींनी मला विचारले. लगेच दुसरा प्रश्न असतो, ते खायला निर्धास्त का? पहिल्याचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्याचेही होय, पण काही अटींवर. आणि त्या अटी दुकानदार सांगत नाही.

ज्यांनी चूल पाहिली आहे त्यांना ही कल्पना मुळीच नवी वाटणार नाही. चुलीच्या पुढच्या तोंडावर भात शिजे, आणि बाजूच्या वैलावर ज्वाळ नसे, नुसती धग असे. तेथे हंडी सरकवून द्यायची, वर ताट, ताटात पाणी. आतली वाफ ताटाला लागून थंड व्हायची आणि पुन्हा हंडीत गळायची. मटण दुपारपर्यंत आपले आपण शिजे, आणि बाई विहिरीवर, वाडीत, बाजारात जाऊन येई. पुढे स्टोव्ह आला, गॅस आला, वैल गेला. 1959 पासून आपल्या देशात प्रेशर कुकर बनू लागले आणि आपण मटण शिट्ट्यांवर मोजू लागलो.

वैलाला पेटीत बसवायचा उद्योग मात्र पुष्कळांनी केला. बंगालमध्ये डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 साली इक्मिक कुकर काढला. खाली कोळशाची शेगडी, वर एकावर एक डबे. कोळसा घालून कामाला जावे आणि परत येऊन जेवावे. विजेच्या भांड्याची कथा आणखी गोड आहे. ज्यू लोक शनिवारी विस्तव पेटवीत नाहीत. म्हणून लिथुआनियातल्या ज्यू बायका शुक्रवारी संध्याकाळीच मांस आणि कडधान्य हंडीत भरून ती भट्टीत ठेवीत, आणि शनिवारी दुपारी ऊन ऊन जेवण वाढीत. घरातल्या बायकांकडून ऐकलेल्या या हंडीवरून अमेरिकेतल्या अर्विंग नॅक्सन यांना विजेचे भांडे सुचले. 1940 साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले, आणि 1971 साली ते क्रॉक-पॉट या नावाने तेथे घरोघर गेले. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, ते याच शनिवारच्या सुट्टीवरून. शोध नॅक्सनच्या नावावर लागला. हंडी बायकांची होती, एवढे आपण मनात ठेवावे.

आता मंद आचेने होते काय? बोकडाचा खांदा, मान, नळी, पाये यांत चिवट धागे असतात. सुमारे 70 अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून त्यांचा सरस होतो, आणि रस्सा बोटांना चिकटतो तो त्यामुळे. याला वेळच लागतो. शिट्टीच्या कुकरात हेच काम लवकर उरकते, पण एखादी शिट्टी इकडेतिकडे झाली की मांस पिळून निघते आणि त्याचे दोरे दातांत अडकतात. माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. चार वर्षे त्यांनी मटण सोडले होते. उपास नव्हे, दात नव्हते. रविवारी आम्ही जेवायचो आणि त्या नुसत्या रश्श्यात भाकरी कुस्करायच्या. हे भांडे मी त्यांच्यासाठी आणले. आता त्या नळीही मागून घेतात, आणि “वैलावरची चव नाही हो” असे प्रत्येक वेळी सांगतात. खरे आहे, धुराचा वास यात येत नाही.

दुसरे जे येत नाही ते म्हणजे खमंगपणा. कांदा-खोबऱ्याचे वाटण या भांड्यात कच्चे घातले तर आठ तासांनीही ते उकडलेलेच लागेल. तेव्हा रात्री वाटण भाजून ठेवावे. मटणाला हळद, आले, लसूण लावून ते फ्रिजमध्ये वेगळे ठेवावे. सकाळी कढईत वाटण आणि आपला घरचा मसाला परतून, त्यात मटण चांगले गरम करून, मग भांड्यात घालावे. बाटली मसाल्याला हे फार मानवते. किलोभर मटणाला पाणी एक वाटी पुरे, कारण वाफ बाहेर जात नाही. बटाटे तळाला घालावेत. ते मांसापेक्षा हट्टी असतात. मंद खुणेवर सात-आठ तास, जास्त खुणेवर चार-पाच. नारळाचे दूध शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फुटते. गावठी कोंबडी यात सुरेख होते. ब्रॉयलरचा मात्र आठ तासांत भुगा होतो. मासळीचे तर नावच काढू नये. आणि दर तासाला झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा, एकदा उघडले की गेलेली ऊब भरून यायला वीस-तीस मिनिटे जातात.

आता अटी. मांसात जंतू वाढतात ते 5 ते 60 अंशांच्या दरम्यान. म्हणून फ्रीझरमधले गोठलेले मटण यात थेट घालू नये. भांडे अर्ध्यापेक्षा कमी आणि दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. राजमा तर कच्चा कधीच घालू नये. भिजवून, पाणी टाकून, ताज्या पाण्यात दहा मिनिटे खळखळून उकळल्यावाचून त्यातले विष जात नाही, आणि मंद आच तेवढी उकळी देत नाही.

सर्वांत मोठी अट विजेची. पावसाळ्यात वारा सुटला की आपल्याकडे दिवे जातात. आपण घरी असलो तर मटण तत्काळ गॅसवर घेऊन शिजवून पुरे करावे. घरी नसलो, आणि वीज किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसला, तर ते टाकून द्यावे. शिजलेले दिसले तरी. मटणाचा आजचा भाव मला ठाऊक आहे, आणि किलोभर मटण टाकताना हात कसा अडतो हेही कळते. पण काही जंतूंनी सोडलेले विष पुन्हा उकळून जात नाही. म्हणून माझे मत असे की, दिवसभर कुलूप असलेल्या घराने हे भांडे सुट्टीच्या दिवशीच लावावे. आमच्याकडे सासूबाई घरी असतात. त्यांनी ओट्याशी उभे राहायचे नाही, काही उचलायचे नाही. दिवे गेले की शेजारच्या वहिनींना हाक मारायची, एवढेच. त्या बदल्यात वहिनींना वाटीभर रस्सा पोचतो.

विजेच्या बिलाची धास्ती नको. दोनशे वॅटचे भांडे आठ तास चालले तर फार तर 1.6 युनिट होतात. हजार वॅटची इस्त्री दीड तासाच्या आसपास तेवढेच खाते.

माझे भांडे साडेतीन लिटरचे आहे, पाच माणसांना पुरते. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी श्रावण लागायच्या आत सांगावे, मी आनंदाने देईन. फक्त गरम असताना ते नळाखाली धरू नये. आतले भांडे चिनी मातीचे आहे, तडकते.