‘जशी आहे तशी’ म्हणजे नेमकी कधीची?



वसंत व्याख्यानमालेत जुन्या मोटारीवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांपैकी एक जण हसून म्हणाले, “भाऊ, ह्याच्यात व्याख्यान कायचं?” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहा. सत्तावीस पासिंगच्या आपल्या अमरावतीच्या, तीस पासिंगच्या अकोल्याच्या, आणि अधूनमधून बारा किंवा चौदा पासिंगच्या. ही बारा-चौदावाली गाडी पुण्याकडे कोणीतरी वापरलेली असते. तिकडे चार गाड्या पाहायला मिळतात, भावही जरा बरा लागतो, म्हणून आपण ती घेतो. म्हणजे सौदा एका गावी होतो, गाडी दुसऱ्या गावी पोचते आणि मध्ये पाचेकशे किलोमीटरचा रस्ता असतो. माझं आजचं व्याख्यान त्या रस्त्यावर घडणाऱ्या गोष्टींबद्दल आहे.

समजा, अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका गुरुजींनी पुण्याच्या डीलरकडून साडेचार लाखांची गाडी घेतली. स्वतः जाऊन पाहिली, फोटो काढले, इसार दिला, उरलेले पैसे बँकेतून पाठवले. “घरपोच देतो,” डीलर म्हणाला. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला गाडी दारात आली, तर डाव्या दाराला हातभर पोचा, पुढचा बंपर एका बाजूनं सुटलेला. ड्रायव्हर म्हणतो, “मले जशी देली तशी आनली.” डीलर फोनवर म्हणतो, “सर, जुनी गाडी आहे. पावतीवर लिहिलंय, जशी आहे तशी.” गुरुजी गप्प होतात. नव्वद टक्के लोक इथंच गप्प होतात, असं म्हणायचा मोह होतो. पण मोजलेलं नाही, म्हणून ‘पुष्कळ लोक’ एवढंच म्हणतो.

या अटीला घाबरायचं कारण नाही. ‘जशी आहे तशी’ म्हणजे सौद्याच्या दिवशी, तुम्हाला दाखवली तेव्हा होती तशी. सीट फाटलेली होती, टायर झिजलेले होते, एसी कमी गार करत होता, हे सगळं तुम्ही पत्करलं. त्यानंतर पडलेला पोचा त्या वाक्यात बसत नाही. उलट ती अट तुमच्याच कामाची आहे, कारण गाडीची त्या दिवसाची अवस्था विक्रेत्यानं स्वतःच ठरलेला माल म्हणून मान्य केलेली आहे. त्या दिवशीचे फोटो तुमच्याजवळ असतील तर बोलायची पाळी त्याच्यावर येते.

आता खरा प्रश्न. रस्त्यावर असताना ती गाडी कोणाची होती? वरुड-मोर्शीकडच्या मंडळींना हा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला समजतो. संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला दिला, इसार घेतला, तोडणी व्हायची आहे, आणि मध्येच गारपीट झाली. नुकसान कोणाचं? हे भांडण तुम्ही ऐकलेलं आहे, काहींनी केलेलंही आहे. गंमत अशी की झाडावरून तोडून द्यायच्या संत्र्याला आणि जुन्या मोटारीला लागू होणारा कायदा एकच, १९३०चा मालविक्री अधिनियम.

हा कायदा जुना असला तरी मोठा सरळ आहे. मालकी ज्याची, जोखीम त्याची. ऐकायला बरं वाटतं, पण यातच खाच आहे. ठराविक एकच वस्तू, द्यायला तयार असलेली, विनाअट विकली, तर मालकी करार झाला त्याच क्षणी विकत घेणाऱ्याकडे जाते. पैसे नंतर द्यायचे असोत की ताबा नंतर घ्यायचा असो. म्हणजे गुरुजींनी पुण्यातच सौदा पक्का करून “मी माझा ड्रायव्हर पाठवतो” म्हटलं असतं, तर खामगावजवळ पडलेला पोचा बहुधा गुरुजींच्याच खात्यावर गेला असता.

पण हा नियम दोघांनी वेगळं काही ठरवलं नसेल तेव्हाचा. डीलरनं घरपोच द्यायचं कबूल केलं, ड्रायव्हर त्याचा, डिझेल त्याचं, तर मालकी आणि जोखीम अकोल्यात ताबा देताना जाईल असंच दोघांच्या मनात होतं, हे म्हणायला भक्कम आधार मिळतो. “बंपर रंगवून, दोन टायर बदलून पाठवतो” असं ठरलं असेल, तर ते काम होऊन तुम्हाला कळेपर्यंत मालकी सरकतच नाही. पाठवायला डीलरच्या चुकीनं उशीर झाला, तर त्या उशिरामुळे होऊ शकणारं नुकसान त्याच्याच माथी. आणि अगदी मालकी तुमच्याकडे आली असं धरलं, तरी गाडी त्याच्या हवाली असताना शहाण्या माणसानं स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी त्यानं घ्यायलाच हवी. हे तर १८७२च्या करार कायद्यातच आहे. तेव्हा व्हॉट्सॲपवरचा “घरपोच देतो” हा एक संदेश जपून ठेवा. तुमच्या खटल्यात वकिलाच्या भाषणापेक्षा तो वजनदार ठरेल.

प्रवासात काही नुकसान होणारच, हेही कायदा मानतो. विक्रेत्यानं स्वतःच्या जोखमीवर दूर गावी माल पोचवायचं कबूल केलं, तरी प्रवासात अटळपणे होणारी झीज विकत घेणाऱ्यानं सोसायची. धूळ, चिखल, काचेवर उडालेला बारीक खडा, हे त्यात येईल. दाराचा पोचा येणार नाही. इथं एक सांगतो. आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर पूर्वी गाडीचं काहीही झालं की दोष रस्त्याला देऊन मोकळं होता यायचं. जून २०२२मध्ये याच रस्त्याची ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज बुकात गेली. तेव्हापासून निदान या टापूत ती सबब जरा महाग झाली आहे.

गाडी ट्रेलरवरून आली तर गोष्ट बदलते. वाहतूकदारासाठी २००७चा वेगळा कायदा आहे, आणि तिथं सगळा खेळ बिल्टीचा. बिल्टी कोणाच्या नावानं फाटली, तिच्यावर गाडीचं वर्णन आणि किंमत काय लिहिली, हे पाहा. जास्त जोखमीचा दर भरून किंमत जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरतीच. भाडं १२,००० असेल तर १,२०,०००. पोच्याला तेवढे पुरतील, गाडी ट्रेलरवरून घसरली तर पुरणार नाहीत. आणि दावा लावण्याआधी, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस जायलाच हवी. बुकिंगपासून, ताबा मिळाल्यापासून नव्हे. “पाहतो, करतो, दिवाळीनंतर या,” असं म्हणत हे सहा महिने कसे जातात ते मी पाहिलेलं आहे. नोटीस दिली म्हणजे वैर झालं असं समजू नका. ती द्या आणि मग खुशाल गोडीनं बोला.

आता गाडी दारात उभी आहे, त्या क्षणाकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त हक्क इथंच गमावले जातात, आणि तेही आपल्या भिडस्तपणामुळे. ड्रायव्हर दमलेला असतो, आपण त्याला पाणी देतो, चहा ठेवतो, आणि तो पुढं करतो त्या कागदावर सही करतो. चहा जरूर पाजा. सही करण्याआधी मात्र गाडीभोवती उजेडात फिरा. अंधार असेल तर टॉर्च घ्या. चारही बाजू, बोनटखाली, डिकी, स्टेपनी, आणि मीटरवरचा आकडा यांचा एका दमात व्हिडिओ काढा, ड्रायव्हरही त्यात दिसू द्या. ताबा पावतीवर किंवा बिल्टीवर स्वतःच्या हातानं शेरा लिहा: डाव्या दाराला नवा पोचा, बंपर सुटलेला, हे नुकसान अमान्य. शेरा लिहू देत नसेल तर सही करू नका आणि त्याच मिनिटाला डीलरला संदेश पाठवा.

आधी नीट न पाहिलेला माल तपासायला वाजवी संधी मिळाल्याशिवाय तुम्ही तो स्वीकारला असं कायदा मानत नाही. पण स्वीकारल्याचं तुम्ही कळवलंत, किंवा काही न कळवता वाजवी काळाहून अधिक ठेवून घेतलात, किंवा स्वतः मालक असल्यासारखं काही केलंत, तर स्वीकार झाला. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी आरटीओत जाऊन नाव चढवण्याचा अर्ज टाकला, सीट कव्हर बसवले, सीएनजी किट लावलं, की गाडी परत करायचा रस्ता बहुतेक बंद. मग नुकसानभरपाई उरते, म्हणजे दुरुस्तीचा खर्च आणि घटलेली किंमत. तीही लहान गोष्ट नाही, पण परत करायचीच असेल तर थांबा. नाकारलेला माल पुण्याला नेऊन पोचवायची जबाबदारी तुमची नाही. “नाकारला” एवढं कळवणं पुरे. तोवर ती गाडी वापरू मात्र नका. लग्नाला नेऊन आणली आणि मग नाकारली, हे कोणी ऐकून घेणार नाही.

तक्रार कुठं करायची? १९८६च्या ग्राहक कायद्यात सामान्यतः विरुद्ध पक्षाच्या गावी, किंवा व्यवहार घडला तिथं जावं लागे. अकोल्याच्या माणसानं पुण्यात तारखा करायच्या, म्हणजे पोच्यापेक्षा प्रवासखर्च जास्त. २०१९च्या कायद्यानं, जो जुलै २०२०पासून लागू झाला, तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाचं दार उघडलं. वऱ्हाडासाठी या कायद्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत फी शून्य, मुदत दोन वर्षं, वकील नसला तरी चालतं. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा. ऑनलाइन व्यवहार असेल तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा २०२०चा नियम आहे.

दोन अडचणी सांगायला हव्यात. शेजाऱ्याकडून किंवा साडूकडून गाडी घेतली, तर तो व्यापारी नव्हे. तिथं ग्राहक आयोग साधारणतः चालत नाही, दिवाणी न्यायालय आणि १९३०चा कायदा एवढंच हाती राहतं. दुसरी अडचण, कोणावर तक्रार करायची. गोव्याचं एक प्रकरण २०२१च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकालात काढलं. नवी म्हणून २०११मध्ये विकलेली गाडी २००९च्या बनावटीची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली आणि ओरखडे पडलेली निघाली, असं ग्राहकाचं म्हणणं. खालच्या पायऱ्यांवर टाटा मोटर्स कंपनीवरही जबाबदारी टाकली गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती काढली: डीलर हा कंपनीचा एजंट नव्हता, आपला स्वतंत्र व्यवहार करत होता, आणि त्यानं केलेलं कंपनीला ठाऊक होतं याचा पुरावा नव्हता. मोठं नाव पाहून तक्रार ठोकण्याची सवय आपल्यालाही आहे. ज्यानं पैसे घेतले आणि ज्यानं गाडी आणली, त्यांना आधी धरा.

“मी फक्त मध्यस्थ” म्हणणाऱ्या कार बाजारवाल्यांसाठी १ एप्रिल २०२३पासून नवे नियम आहेत. जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद झाली की मालक म्हणून त्यालाच धरायचं. त्यानं गाडीच्या प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची: कशासाठी नेली, कोणी चालवली, केव्हा, किती किलोमीटर. पुण्याहून अकोल्याला आलेल्या गाडीची ही नोंदवही मागून पाहा. मागितल्याबरोबर आवाजाची पट्टी खाली येते. फास्टॅगवरून कापलेला टोलही सांगतो की गाडी कुठल्या वाटेनं, किती वाजता गेली.

शेवटी विमा, कारण याबाबत गैरसमज फार. गाडी विकली की दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६मध्येच सांगितलं आहे. कंपनीकडे चौदा दिवसांत अर्ज करून तो नावावर करून घ्यावा लागतो. नोंदणी जुन्या मालकाच्या नावावर असेपर्यंत तो दावा करू शकतो, असा २०२०चा एका ट्रकबद्दलचा निकाल आहे. पण त्यात पैसे त्याला मिळतात, तुम्हाला नव्हे, आणि एव्हाना तो तुमचा फोन उचलेल याची खात्री कोणी द्यायची? गुरुजींच्या गाडीच्या दाराला पोचा पडला तो नेमका या पोकळीत. तेव्हा पुण्याहून गाडी हलण्याआधी विमा कंपनीकडचा तुमच्या नावाचा अर्ज आणि त्याची पोच हातात असू द्या. नसेल तर ती तिथंच दोन दिवस उभी राहिली म्हणून काही बिघडत नाही.