चिंचिलाचं बिऱ्हाड



चिंचिला हा प्राणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल तो मोबाइलवर. अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा, राखाडी, मोठे गोल कान, लांबलचक मिशा, झुपकेदार शेपूट, आणि वाडग्यात भरलेल्या धुळीत त्याचं गरागरा लोळणं चाललेलं. व्हिडिओ अर्ध्या मिनिटात संपतो आणि घरातलं शेंडेफळ म्हणतं, आपण आणू या ना एक! त्या अर्ध्या मिनिटात जे दिसत नाही, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

माझी भाची कॅनडात कॅलगरीला असते. तिच्याकडे दोन चिंचिला आहेत, सख्ख्या बहिणी. तिच्याकडे राहायला गेले तेव्हा ‘मावशी, हे नको, ते नको’ अशी नकारघंटा सारखी वाजायची. भिजवायचं नाही, बेदाणा द्यायचा नाही, शेपटीला हात लावायचा नाही, प्लास्टिकचं काही जवळ न्यायचं नाही. आधी मला तो नुसता काच वाटला. मग लक्षात आलं, हे सगळे नियम एकाच ठिकाणाहून आले आहेत, अँडीज पर्वतातून. ती जागा एकदा समजली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

अँडीज म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने जाणारी पर्वतरांग. उत्तर चिलीत तिच्या उतारांवर पाऊस नावापुरता पडतो. झुडपं खुरटी, गवत चरबरीत, आणि सूर्य मावळला की हवा झपाट्याने गार होते. चिंचिला दिवसभर खडकांच्या कपारीत असतो आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. या थंडीसाठी त्याला मिळालेल्या लोकरीला जमिनीवरच्या प्राण्यांत तोड नाही. आपल्या डोक्यावर एका छिद्रातून एखाद-दोन केस उगवतात, चिंचिलाच्या एका छिद्रातून पन्नास-साठ! ही लोकर इतकी दाट असते की पिसवांनाही सहसा आत शिरता येत नाही.

हीच लोकर त्याच्या जिवावर उठली. युरोप-अमेरिकेतल्या उंची कोटांसाठी एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला लाखो चिंचिला मारले गेले. एका लांब कोटाला शंभराच्या वर कातडी लागतात. 1910 साली चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू या चार देशांनी शिकारीला आळा घालणारा करार केला, तोवर मारायला फारसे चिंचिला उरलेही नव्हते. आता चिलीत इयापेल या गावाजवळ खास त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र आहे, 1983 पासून. तरी रानातला चिंचिला अजून धोक्यातच आहे.

मग घरोघरचे चिंचिला आले कुठून? मथायस चॅपमन नावाचा एक अमेरिकन अभियंता चिलीत तांब्याच्या खाणीवर नोकरीला होता. त्याने सरकारची परवानगी काढून अकरा चिंचिला 1923 साली कॅलिफोर्नियाला नेले. पाळण्याची हौस वगैरे काही नव्हती, त्याला लोकरीचाच धंदा काढायचा होता. पण ते जिवंत पोचवायचे कसे? सांगतात की त्याने ते डोंगरावरून एकदम खाली आणले नाहीत, मधे मधे मुक्काम करत, सवय लावत उतरवले. आणि बोटीवर पिंजऱ्यांना बर्फाचा गारवा दिला. अमेरिकेतले आजचे बहुतेक चिंचिला या अकरांचे वंशज. खाण्याच्या आणि पिंजऱ्याच्याही आधी चॅपमनला हवेची सोय पाहावी लागली. शंभर वर्षं झाली, आजही चिंचिला पाळणाऱ्याला सुरुवात तिथूनच करावी लागते.

चिंचिलाला मानवतं ते साधारण 10 ते 20 अंश सेल्सिअस. पंचविशीच्या पुढे पारा गेला की धोका. त्याला घाम येत नाही. आपल्याला पंख्याखाली बरं वाटतं ते घाम वाळतो म्हणून; चिंचिलापुढे पंखा लावला तर नुसती गरम हवा फिरते. अंगाला गोधडी शिवून घेऊन मे महिन्यात गच्चीवर बसावं, अशी त्याची गत होते. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः ते पातळ, मोठे कान आहेत. कानांतल्या शिरा लालबुंद दिसू लागल्या की खोली तापली असं समजायचं. तो कुशीवर पसरून पडला, तोंडाने धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, तर तो उष्माघात. लगेच गार खोलीत हलवायचं आणि डॉक्टर गाठायचे. बर्फाच्या पाण्यात बुडवण्याचा शहाणपणा करायचा नाही.

पाळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो. खोलीचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं, त्यात हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी मिळवायची, आणि बेरीज दीडशेच्या आत हवी. कॅलगरीतल्या उन्हाळ्यातला एखादा बरा दिवस घ्या: 22 अंश सेल्सिअस, म्हणजे 72 फॅरनहाइट, आर्द्रता पन्नास. झाले 122. आता जुलैतली मुंबई घ्या. तीस अंश सेल्सिअस म्हणजे 86, आणि आर्द्रता 85. बेरीज 171. पाऊस पडून गार वाटतंय असं आपण म्हणतो, त्या दिवसाची ही बेरीज आहे.

कोणी म्हणेल, महाबळेश्वरला ठेवू. उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, गारवाही आहे. पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. एकेका छिद्रातून पन्नास केस असलेली लोकर तिथे कोरडी कशी राहणार? मुंबई-पुण्यात, कोकणात, गोव्यात चिंचिला ठेवायचा म्हणजे एक खोली वर्षातला बहुतेक काळ, रात्रंदिवस, एसी लावून बंद ठेवायची. दुपारी वीज गेली तर घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी चालत नाही. विदर्भाचं तर नावच नको. माझं मत विचाराल तर आपल्या हवेत हा नाद करू नये. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे मोल असतं आणि ते जनावर मोजतं.

कॅलगरीचं तसं नाही. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवरचं शहर, हवा कोरडी. भाची तिथे गेली नोकरीसाठी, चिंचिलांना ते आयतंच मिळालं. तरीही जुलैत चार दिवस कडक उन्हाचे येतातच, म्हणून तिने पिंजरा तळघरात ठेवला आहे. पिंजरा कसला, कपाटच ते. पुरुषभर उंच, आत लाकडी फळ्यांचे मजले, एकाआड एक बसवलेले, म्हणजे उडी चुकली तरी प्राणी वरून थेट तळाला आपटत नाही. चिंचिलाची उडी दीड-दोन मीटरची असते, त्यामुळे जागा आडवी कमी असली तरी एक वेळ चालेल, उभी हवीच. तळ जाळीचा असला तर पायांना जखमा होतात, म्हणून भरीव तळ, त्यावर लाकडाचा भुसा. लाकूड भट्टीत वाळवलेलं पाइनचं नाहीतर सफरचंदाच्या झाडाचं, बिनरंगाचं, बिनपॉलिशचं. देवदारासारखी तेलकट, उग्र वासाची लाकडं त्यांना बाधतात. प्लास्टिक का नको, हे त्यांचे दात एकदा पाहिले की कळतं. कुरतडलेले तुकडे पोटात जाऊन आतडं अडतं.

कपारीऐवजी एक लाकडी खोका, आत शिरून झोपायला. आणि एक ग्रॅनाइटची फरशी. स्वयंपाकघराचे ओटे बसवणाऱ्याकडून भाचीने उरलेला तुकडा मागून आणला. दोघी दुपारभर त्या फरशीवर पोट टेकून पसरलेल्या असतात. पळायला चाक आहे, धातूचं, सुमारे 38 सेंटिमीटर व्यासाचं, आतून सपाट. जाळीच्या चाकात पाय अडकून मोडतो. ते रात्री दोनला फिरायला लागतं. ज्याची झोप सावध आहे त्याने पिंजरा आपल्या खोलीत ठेवू नये, हे मी अनुभवाने सांगते. प्राण्याला आत घालून जमिनीवर सोडायचे पारदर्शक चेंडू मिळतात, ते मात्र कधीच नकोत. आत हवा खेळत नाही, प्राणी आतल्या आत तापतो.

आता ती धुळीची आंघोळ. लोकरीतली ओल आणि तेलकटपणा काढायचा हा अँडीजमधला उपाय. धूळ फार बारीक लागते, ज्वालामुखीच्या राखेपासून केलेली तयार मिळते. किनाऱ्याची वाळू खरखरीत, तिने केस तुटतात. टाल्कम पावडर फुप्फुसात जाते. मुलतानी मातीचं काय, असं कोणी विचारेल. तिच्या जातकुळीतली माती या धुळीत वापरतात हे खरं, पण चेहऱ्याला लावायच्या पुडीत बरेचदा चंदन, हळद, अत्तर काय काय मिसळलेलं असतं. तो प्रयोग नको. आठवड्यातून दोन-चारदा, दहा-पंधरा मिनिटं वाडगं आत ठेवायचं आणि काढून घ्यायचं. दिवसभर राहू दिलं तर डोळे चुरचुरतात, शिवाय ती त्यातच घाण करतात. भाचीच्या घरी हा सोहळा न्हाणीघरात होतो, नाहीतर घरभर धुरळा. न्हाणीघर खरं, पण पाण्याचा थेंब नाही. पाण्याने ही लोकर मुळापर्यंत भिजली की लवकर वाळत नाही. अंगात थंडी भरते, कातडीला बुरशी लागते.

खाण्याचं प्रकरण मात्र आपल्या स्वभावाच्या आड येतं. आपलं प्रेम भरवण्यातून व्यक्त होतं, आणि चिंचिलाला भरवण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. त्याचं खरं जेवण म्हणजे वाळलेलं गवत, टिमथी जातीचं, हवं तितकं, चोवीस तास समोर. त्याबरोबर दिवसाला चमचा-दोन चमचे त्याच्यासाठीच्या गोळ्या, आणि स्वच्छ पाणी. बस. शेंगदाणे, काजू, सूर्यफुलाच्या बिया, फळं, बेदाणे, काही नाही. चरबरीत गवतावर वाढलेल्या आतड्याला साखर आणि तेल झेपत नाही. पोटात वायू धरतो, आणि चिंचिलाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं चुकीचं अन्न बाहेर यायला सोपा मार्ग उरत नाही. आपल्या शेतकऱ्यांचा ओळखीचा लसूणघास पिल्लांना आणि गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला द्यायला हरकत नाही. एरवी रोज दिला तर कॅल्शियम जास्त होतं.

गवताचा दुसरा उपयोग दातांना. चिंचिलाचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात, दाढासुद्धा. समोरचे दात वर्षाला पाच-सात सेंटिमीटर वाढतात. गवत रवंथल्यासारखं घासून खाल्लं तरच ते झिजतात. नुसत्या गोळ्यांवर ठेवलेल्या प्राण्याच्या दाढा वाकड्या होतात, जिभेत-गालात रुततात, मुळं जबड्यात सरकतात आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागतं. तोवर फार उशीर झालेला असतो, कारण हा प्राणी दुखणं लपवतो. भक्ष्य होणारे प्राणी असेच असतात. म्हणून भाची दर रविवारी दोघींना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बसवते आणि आकडा वहीत लिहिते. वजन उतरायला लागलं, की बाहेरून सगळं ठीक दिसत असलं तरी डॉक्टर.

हाताळायचं म्हणाल तर थोडक्यात: खालून आधार द्यायचा, बरगड्या दाबायच्या नाहीत, मागून झडप घालायची नाही. घाबरला की चिंचिला पकडलेल्या जागची लोकर सोडून देतो. रानात कोल्ह्याच्या तोंडात केसांचा पुंजका राहतो आणि हा पसार होतो. घरात तो पुंजका आपल्या हातात राहतो आणि ती जागा भरून यायला महिने लागतात. मादी रागावली तर मागच्या पायांवर उभी राहून नेमकी लघवीची पिचकारी मारते. माझ्या साडीने हे अनुभवलं आहे.

नर-मादी एकत्र ठेवायचा विचार करू नये. गर्भ 111 दिवसांचा असतो, आणि विणं झाल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते. दोन बहिणी किंवा दोन भाऊ बरे.

आणि हे बिऱ्हाड लांबचं आहे. उंदीर-हॅमस्टर दोन-तीन वर्षांत जातात, चिंचिला दहा ते वीस वर्षं जगतो. कॅलिफोर्नियातला एक 29 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या हट्टासाठी आणलेला चिंचिला, ती मुलगी शिकायला परगावी गेली तरी घरात असतो. मग तो प्राण्यांच्या निवाऱ्यात जातो. भाचीने दोघी तिथूनच आणल्या. आणताना तिने पुढचे दात पाहिले: ते नारिंगी-पिवळे असले पाहिजेत, पांढरे फटक पडले असतील तर काहीतरी बिनसलेलं असतं. हनुवटीखालची लोकर ओली नाही ना, डोळे पाझरत नाहीत ना, लेंड्या कोरड्या, भरीव आणि एकसारख्या आहेत ना, हेही पाहिलं. जुन्या मालकाने कोणत्या गोळ्या घातल्या होत्या ते विचारून घेतलं आणि नव्या गोळ्या त्यांतच थोड्या थोड्या मिसळत नेल्या, कारण खाणं एकदम बदललं की यांचं पोट बंद पडतं. पहिले काही दिवस तिने त्यांना हातही लावला नाही. नुसती संध्याकाळी पिंजऱ्याशेजारी पुस्तक घेऊन बसायची.