दोऱ्याचे कूळ

कापड घेताना माणूस पोत पाहतो, रंग पारखतो, भावासाठी घासाघीस करतो. दोरा मात्र हाताला लागेल तो उचलतो. वस्त्राचे आयुष्य बरेचसे असते ते या दोऱ्याच्याच हाती.

रिळावरील चिठ्ठी निघून गेली, तरी दोऱ्याचे कूळ ओळखता येते. खाली पाण्याची ताटली ठेवावी आणि चिमट्यात धरलेला तुकडा ज्योतीला लावावा. कागद जळल्यासारखा वास आला व मऊ राख उरली, तर दोरा सुती. रेयॉनही असाच जळतो. पण तो भिजवून ओढला की सहज तुटतो. केस जळल्यासारखा वास आला व चुरडता येणारा काळा मणी राहिला, तर रेशीम. दोरा आकसून वितळला व टणक गोळी उरली, तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर.

सूत वितळत नाही, आणि भिजल्यावर अधिकच बळकट होते; मात्र ते आटले, तर शिवणीवर चुण्या पडतात. रेशीम भिजले की दुबळे होते. पॉलिएस्टर धुण्याने सहसा आटत नाही. ते सुमारे २५५ अंश सेल्सिअसला वितळते, तर नायलॉनचा एक प्रकार २२० अंशांच्या आसपासच. सुती कापडाची इस्त्री २०० अंशांच्या घरात तापते. कोळशाच्या इस्त्रीला तर मापच नसते.

दोरा कापडाहून किंचित कमी बळकट असावा. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते. फाटलेले कापड पूर्ववत होत नाही.