सेवेची सहल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून सुचले तसे कागदावर उतरवून आणले आहे आणि तेच वाचणार आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

मागच्या सभेत यंदाच्या सहलीचा विषय निघाला. एरवी आपण शेगावला नाहीतर चिखलदऱ्याला जातो. यंदा सूचना आली की, मुलाबाळांना घेऊन एखाद्या आदिवासी आश्रमशाळेत जावे, तिथल्या लेकरांना खाऊ आणि वह्या वाटाव्यात आणि दिवेलागणीला परत यावे. सहलही होईल, सेवाही घडेल. पुष्कळ हात वर झाले. माझा झाला नाही. अध्यक्षबाईंनी कारण विचारले आणि संमेलनात सर्वांसमोर मांड म्हणाल्या. ते आज मांडते.

माझ्या भासऱ्यांची मुलगी अमेरिकेत असते. तिकडे आईबाप आणि मुले अशा सबंध कुटुंबाला गरीब देशात दहाबारा दिवस सेवेसाठी नेणाऱ्या कंपन्याच आहेत. ती, जावई आणि दोन मुले मागच्या उन्हाळ्यात केनियाला जाऊन आली. सकाळी शाळेच्या भिंती रंगवायच्या, दुपारी तिथल्या मुलांशी खेळायचे आणि शेवटचे दोन दिवस जंगलात सिंह-हत्ती पाहायचे. खर्चाचा आकडा ऐकून मी रुपयांत हिशेब करणे सोडून दिले. फोनवर तिला एवढेच विचारले, "बाई, तुम्ही गेला नसता तर त्या भिंती कोणी रंगवल्या असत्या?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "काकू, तिथले रंगारी आहेत ना." म्हणजे रंगाऱ्याची मजुरी बुडाली आणि भिंतीला हात लागला आमच्या अकरा वर्षांच्या नातवाचा!

मुलांना त्यातून काही मिळाले नाही असे मी म्हणणार नाही. आपल्याएवढी पोरे डोक्यावर पाणी वाहतात हे थोरल्याने पाहिले आणि घरी आल्यावर नळ उघडा ठेवून दात घासणे सोडले. चांगलेच झाले. पण ते आमच्या मुलाचे शिक्षण झाले आणि त्याची फी त्याच्या आईबापांनी भरली. त्याला सेवा कशाला म्हणावे?

याहून वाईट प्रकार कंबोडिया आणि नेपाळ या देशांत झाले आहेत. परदेशी पाहुणे अनाथाश्रमात येतात, लेकरांना मांडीवर घेतात, डोळे पुसतात आणि देणगी देऊन जातात, हे दिसल्यावर तसे आश्रम वाढत गेले. त्यांत भरायला अनाथ मुले तरी किती मिळणार? मग खेड्यापाड्यांतून, आईबाप जिवंत असलेली लेकरे, शहरात शिकवतो असे सांगून आणली गेली. ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला तेव्हा मुलांचा हा व्यापारही गुलामगिरीतच मोजला गेला. पाहुण्यांच्या मनात कपट नव्हते हो. त्यांना मायाच करायची होती. पण दर आठवड्याला नवी मावशी गळ्यात पडू देते आणि आठव्या दिवशी विमानाने निघून जाते, याने त्या लेकराच्या मनाचे काय होत असेल, ते आपण आयांनी तरी ओळखावे.

आपल्याकडे इतके वाईट नसेल. पण माझी एक मावसबहीण आश्रमशाळेत अधीक्षिका आहे, तिचे ऐका. शाळेचे नाव मी घेत नाही. पंधरा ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत तिच्याकडे पाहुण्यांची रीघ असते. लेकरांना न्हाऊमाखू घालून उन्हात रांगेने बसवायचे, मोटार येईपर्यंत टाळ्यांची तालीम आणि फोटो निघेपर्यंत हातातला लाडू खायचा नाही. एका आठवड्यात तीन ठिकाणची केळी आली, ती शेवटी गुरांना घातली. पण जून महिन्यात पहिलीची नवी पोरे येतात, त्यांना घरची गोंडी बोली तेवढी कळते, रात्रभर आईसाठी रडतात, तेव्हा कोणीही फिरकत नाही. खरूज होते तेव्हा साबण कोणी आणत नाही. "पाहुणे गेले की अभ्यासाचा दिवस गेलेला असतो," असे ती म्हणते.

आता तुम्ही म्हणाल, मग कोणी कुठे जाऊच नये काय? तसे नाही. मुलाबाळांसह सेवेला जाण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच हिंगणघाटचे आहे. बाबा आमटे १९१४ साली इथे जन्मले. वरोऱ्याजवळच्या माळावर १९५१ साली ते राहायला गेले तेव्हा बरोबर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये होते, हे आपण सर्व जणी ऐकून आहोत. पण मला त्यात नेहमी साधनाताई दिसतात. विकास आणि प्रकाश ही दोन्ही मुले पाच वर्षांच्या आतली, सापाविंचवांचे रान आणि कुष्ठरोगाचे नाव काढले तरी लोक दूर पळायचे. आपल्यापैकी कितीजणी पदराखालचे पोर घेऊन तिथे गेल्या असत्या?

पुढे तिथे परदेशातले पाहुणेही आले. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेची निरनिराळ्या देशांतली तरुण मंडळी आनंदवनात राहिली आणि दवाखान्याच्या बांधकामावर त्यांनी घाम गाळला. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी ती खातात हे वरोऱ्याच्या लोकांनी पाहिले आणि लोकांची भीती ओसरू लागली. ही मंडळी परकी होती, मुक्कामही कायमचा नव्हता. तरी उपयोग झाला, कारण कामाची निकड होती आणि कोणते काम करायचे ते आनंदवनाने ठरवले होते.

आणि सहलच म्हणाल, तर १९७० साली बाबांनी डॉक्टरी शिकलेल्या मुलांना भामरागडच्या जंगलात सहलीला नेले. परका माणूस दिसला की तिथले माडिया लोक घाबरून पळत. ते पाहून इथे काम करायचे हे प्रकाशरावांनी मनाशी घेतले. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. मंदाताई स्वतः डॉक्टर. सुरुवातीला झोपडीत संसार, वर्षानुवर्षे वीज नाही. १९७६ साली शाळा निघाली, आणि त्यांची स्वतःची मुले माडिया मुलांच्या शेजारी बसून तिथेच शिकली. दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढणारे पुष्कळ असतात, आपली मुले त्याच शाळेत घालणारे थोडे!

आपल्याला हेमलकशाला जाऊन राहता येणार नाही. मलाही येणार नाही. घरी सासूबाई अंथरुणावर आहेत. पण दहा दिवस काढता येतात, आणि दहा दिवसांत खरे काम होते याचा दाखला शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटात आहे. पावसाळा तिथे लेकरांच्या जिवावर उठतो. नाल्यांना पूर येऊन रस्ते तुटतात, घरातले धान्य सरत येते, आई पेरणी-निंदणीला जाते, आणि त्यातच हगवण व न्युमोनिया येतात. पुण्याची 'मैत्री' ही संस्था १९९७ पासून तिथे आहे. 'धडक मोहीम' या नावाने पावसाळ्यात ती स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठवीत आली आहे. एक तुकडी साधारण दहा दिवस गावात राहते, ती निघेपर्यंत दुसरी येते. घरोघर फिरायचे, पाणी शुद्ध करण्याचे औषध टाकायचे, आजारी लेकरू हुडकून दवाखान्यात पोचवायचे. माणसे बदलतात, काम मात्र खंडत नाही. यात गावच्याच कोरकू बाया बरोबर असतात, म्हणून बोलीची अडचण पडत नाही.

तुम्हाला वाटेल, हे डॉक्टरांचे काम, आपण सातवी शिकलेल्या बाया काय करणार? तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी काय केले ते पाहा. अभय बंग आपल्या वर्धा-सेवाग्रामचेच. त्यांनी ३९ खेड्यांतल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला तर धोका समजायचा, बाळ उबेत ठेवायचे, वजन करायचे, औषध द्यायचे. हजार जन्मांमागे ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत होती, ती तीन वर्षांत पंचविसाच्या आसपास आली. १९९९ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आले. तेव्हा सातवी काही कमी नाही, बायांनो! हगवणीचे पाणी तर आपल्यापैकी प्रत्येकीला करता आले पाहिजे: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

माझे म्हणणे असे. यंदा खाऊची बस नेऊ नये. सहलीला शेगावला जावे, खुशाल जावे, त्याला सहलच म्हणावे. मंडळाच्या शिलकीतून, ज्यांची घरे दहा दिवस सांभाळली जातील अशा दोघीतिघींचे मेळघाटचे भाडे भरावे. पण आधी विचारून, त्यांच्या अटी मान्य करून, आणि जे काम देतील ते करायला. स्वयंपाकघरात बसवले तर भाकरी थापाव्यात. ज्या जातील त्यांच्या घरचे डबे आपण बाकीच्यांनी वाटून घ्यावेत. पुरुषमंडळींनी दहा दिवस चहा आपल्या हाताने करून घेतला तर घर काही मोडत नाही.

मुलांना घेऊन सेवा करायची असेल तर गावाबाहेर वीटभट्टी आहे. दिवाळीनंतर तिथे बाहेरगावची कुटुंबे येतात ती पावसाळ्यापर्यंत राहतात, आणि त्यांची पोरे या सहा महिन्यांत वाचायचे विसरतात. दर रविवारी आपली मुले घेऊन दोन तास तिथे बसू, गोष्टीची पुस्तके वाचू, पाढे म्हणू. दर वेळी त्याच बाया आणि तीच मुले हवीत. ज्यांना रविवारी जमणार नाही त्यांनी आजच नाही म्हणावे, कोणी राग धरणार नाही. भट्टीवाल्या मालकांशी आणि तिथल्या आयांशी बोलायला मी आणि कोषाध्यक्षबाई या गुरुवारी जाणार आहोत.

आश्रमशाळेसाठी एक पत्र लिहून आणले आहे. येत्या जूनमध्ये तुम्हाला काय हवे आणि आम्ही आलेले चालेल काय, एवढेच त्यात विचारले आहे. खाली जागा सोडली आहे. चहा झाला की सह्या कराव्यात.