तुर्की टोमणे

तुर्की माणूस भर दुपारी 'ग्युनायदन' म्हणाला, तर सावध व्हा. शब्दाचा अर्थ 'सुप्रभात', पण सगळ्यांना ठाऊक असलेली बातमी तुम्हाला आत्ता कळली, की मिळणारा हा टोमणा आहे. जणू 'उजाडलं का एकदाचं?' थाप मारलीत तर ऐकाल, 'ते माझ्या टोपीला सांग!' आणि उधारी कधी परत मिळेल? 'मासा पॉप्लरच्या झाडावर चढेल तेव्हा.' म्हणजे कधीच नाही.

सगळ्यांत खमंग टोमणा लोककथांतल्या हजरजबाबी नसरुद्दीन होजाच्या गोष्टीतला. होजा जुन्या कपड्यांत मेजवानीला गेला, तर कुणी विचारलं नाही. घरी जाऊन फरचा कोट चढवून आला, तर थेट मानाची जागा! मग होजानं कोटाची बाही सुपात बुडवली नि म्हणाला, 'ये क्युर्क्युम, ये!' तुर्कीत 'ये' म्हणजे 'खा'. 'खा, माझ्या कोटा, खा!' माणसापेक्षा कपड्यांना, पैशाला मान मिळाला, की तुर्की लोक आजही हेच म्हणतात.

हे टोमणे मात्र ओळखीच्यांतच शोभतात. परक्याला मारले, तर मस्करीची कुस्करी व्हायची!